चाकाची कटकट

मराठी माणसाला आवाजाचं वर्णन करायला कुणी शिकवू नये. आपल्याकडे दार करकरतं, खाट कुरकुरते, आजोबांची छाती घरघरते, पत्रा खडखडतो आणि वरच्या मजल्यावरची मंडळी नुसतीच धडधडतात. डोळे मिटून पडलेल्या माणसालासुद्धा घरात काय बिघडलंय ते नुसत्या क्रियापदावरून सांगता येतं. अशी भाषा पदरी असलेला माणूस गाडी घेऊन दुरुस्तीला जातो आणि काकुळतीला येऊन सांगतो, “अहो, गाडी वळवली की पुढच्या चाकातून कट-कट-कट असं येतं. सरळ जाताना मुळीच नाही. उजवीकडे वळताना जास्त.” कडक इस्त्रीचा एक तरुण हे सगळं मान डोलावत ऐकतो आणि हातातल्या पाटीवर (हल्ली तिला टॅब म्हणतात) दोनच शब्द लिहितो : ‘फ्रंट नॉइज’.

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे. डॉक्टरांना सांगावं, “डाव्या कुशीत, जेवल्यानंतर, कळ येते,” आणि त्यांनी केसपेपरवर लिहावं, ‘माणूस दुखतो’, त्यातलाच हा प्रकार.

कारण त्या ‘कट-कट’मध्ये अर्धं निदान झालेलं असतं. अँबॅसडर आणि फियाटच्या राज्यात इंजिन पुढे असलं तरी ते ढकलायचं मागच्या चाकांना. पुढच्या चाकांनी वळावं आणि सांगितलं की थांबावं, एवढीच अपेक्षा. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांचं सुख संपलं. आता गाडी ओढायचीही त्यांनीच आणि वळवायचीही त्यांनीच. म्हणजे मिळवतं माणूसही तेच आणि बाजारहाट करणारंही तेच. हे दुहेरी काम जमावं म्हणून प्रत्येक चाकाच्या दांड्याला, ज्याला आपले मिस्त्री ‘ॲक्सल’ म्हणतात, दोन्ही टोकांना सांधे असतात. त्यातला चाकाकडचा सांधा सगळ्यात कष्टाळू. आत खाचांमधून फिरणाऱ्या पोलादी गोळ्या, बहुतेक गाड्यांत सहा, भोवती ग्रीस, आणि वरून रबराचं चुणीदार पांघरूण. त्याला म्हणतात बूट. हा पायातला नव्हे आणि डिकीतलाही नव्हे.

सगळा अनर्थ या बुटापासून सुरू होतो. म्हातारपणाने किंवा रस्त्यावरच्या एखाद्या अणकुचीदार दगडाने तो फाटतो. चाक फिरतं तसं ग्रीस बाहेर उडतं. उन्हाळ्यात आत धूळ जाते, पावसाळ्यात चिखल. गोळ्या आणि खाचा झिजतात. मग स्टीअरिंग पुरतं वळवून ॲक्सिलरेटर दाबला की गोळ्या झिजलेल्या खाचांत अडखळतात आणि कट-कट सुरू होते. उजवीकडे वळताना ती वाढली तर बहुधा डावा सांधा बोलत असतो, कारण वळणाच्या बाहेरच्या अंगाचं चाक जास्त भार सोसतं. नवा बूट काही शे रुपयांत येतो. पण आवाज यायला लागला म्हणजे नुसता बूट बदलायची वेळ गेली. तरीही बिघडलेला असतो एक सांधा. दोन्हीकडचे दांडे नव्हेत.

आता दुसरे आवाज ऐका. वेगाबरोबर चढत जाणारं ‘घूंऽऽ’, हायवेच्या लांब वळणावर कमीजास्त होणारं : बेरिंग. गाडी जागच्या जागी उभी, स्टीअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटली : वरच्या माउंटिंगचं बेरिंग अडकतंय. तेलावर चालणारं पॉवर स्टीअरिंग असेल आणि ते टोकाला नेल्यावर ‘कुंईऽऽ’ ऐकू आलं, तर तेल बघा, पट्टा बघा. ‘चर्रर्र’ असेल तर भाच्याने हौसेने बसवलेले रुंद टायर आतल्या प्लॅस्टिकला घासताहेत; भाच्याला बोलवा. आणि स्पीडब्रेकरवर वळताना एकच जाडसर ‘खट्’? इथे मला विनोद सुचत नाही. लोअर आर्मचा बॉल जॉइंट ढिला झालेला असू शकतो, आणि तो वाटीतून निसटला तर चाक आडवं होतं. घाटात झालं तर पुढचं सांगायला गाडीत कुणी उरेलच असं नाही.

म्हणजे आवाज पाच, आजार पाच. खर्च शून्यापासून काही हजारांपर्यंत आणि धोका शून्यापासून थेट वैकुंठापर्यंत. पाटीवर मात्र सगळ्यांचं नाव एकच.

संध्याकाळी फोन येतो. “सर, दोन्ही साइडचे ॲक्सल, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि माउंटिंग चेंज करावं लागेल.” आपण विचारतो, यातलं नेमकं वाजत काय होतं? “सर, सगळं चेंज केलं की नॉइज जाईल.” निश्चितच जाईल! घरातली सगळी माणसं बदलली तर घरातलं भांडणही जाईल. त्यातूनही आवाज शिल्लक राहिलाच तर स्टीअरिंगचा रॅक आहेच. हे निदान नव्हे, ही झडती आहे, आणि झडतीचं बिल ज्याच्या घराची झडती त्यानेच द्यायचं.

वेळ नसतो म्हणतात. वेळ किती लागतो? मोकळ्या आवारात काचा खाली करून, भिंतीच्या कडेने, म्हणजे आवाज आपटून परत कानावर येतो, स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन फेऱ्या डावीकडे, दोन उजवीकडे. मग जॅकवर चाक उचलून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं, नंतर तीन आणि नऊच्या जागी. बुटावर बॅटरीचा झोत टाकायचा. पाव तासाचं काम. अडचण एकच, हाताला ग्रीस लागतं.

फ्रान्समधल्या लेनेक नावाच्या डॉक्टराने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली. त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप आला आणि छातीतल्या प्रत्येक खुळखुळीला वेगळं नाव मिळालं. आपले जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकत, ती त्याच घराण्याची विद्या. पण म्हणून रस्त्याकडेच्या सगळ्याच मिस्त्रींना मी ओवाळणार नाही. त्यांच्यातही एक पंथ टायरला लाथ मारून “शंभर टक्के सस्पेन्शन!” असा निकाल देणाऱ्यांचा आहे. लाथेने निदान होत असतं तर तालुक्यातला प्रत्येक म्हशीवाला सर्जन झाला असता.

याहून भयंकर पंथ मात्र आपल्यातच आहे : ‘येतोच’ पंथ. “या मॉडेलला येतोच हो आवाज.” “नवीन गाडीला येतोच.” “जुन्या गाडीला येणारच.” विजेची गाडी घेतलेले आमचे एक शेजारी तर म्हणतात, “आमच्यात इंजिनच नाही, वाजणार काय?” अहो, इंजिन नाही, पण मोटर चाकं फिरवते ती त्याच जातीच्या दांड्यांनी आणि सांध्यांनी! उलट इंजिनाचा गोंगाट गेल्यामुळे आता चाकाची कुरकुर जास्त ऐकू यायला हवी. त्यावर या पंथाचा रामबाण उपाय ठरलेला. गाणी मोठ्याने लावायची. सौ.चं म्हणणं असं की घरात कुणी चार वेळा एकच गोष्ट सांगितली तरी काही पुरुष हाच उपाय करतात. तो विषय वेगळा.

तर ‘येतोच’वाल्यांनी खुशाल गाणी लावावीत. फक्त वरंधा घाटात माझ्या गाडीच्या पुढे-मागे राहू नये, आणि शक्य असेल तर सरळच जावं, कुठे वळू नये.