फायरवॉल आहे, मग व्हायरसची भीती कशाला?

“आमच्या कॉम्प्युटरवर फायरवॉल आहे, मग अँटिव्हायरस कशाला हवा?” हा प्रश्न हल्ली फार वेळा कानांवर येतो. शाळेत मुलांना न्यायला आलेल्या आया विचारतात, काळेवाडीत भाजी घेताना भेटलेल्या शेजारणी विचारतात. बहुतेकींना हे कॉम्प्युटर बसवायला आलेल्या मुलाने सांगितलेले असते. “वहिनी, फायरवॉल ऑन आहे, काही टेन्शन नाही,” असे म्हणून तो पैसे घेतो नि जातो, आणि आपण निर्धास्त होतो.

पण घरचा कॉम्प्युटर आता काही फक्त ‘ह्यांचा’ राहिलेला नाही. मुलांचा अभ्यास त्यात, शिवणाच्या ऑर्डरी त्यात, डब्यांचा हिशेब, वर्कशॉपची बिले आणि बारशापासूनचे सगळे फोटो त्यातच. इतका ऐवज ज्या कपाटात आहे, त्याचे कुलूप कसले आहे हे घरातल्या बाईला ठाऊक नको का?

उत्तर आधीच सांगून टाकते. फायरवॉल हवीच, पण तिच्या एकटीच्या भरवशावर घर टाकू नये. का, ते पाहू.

आपल्याकडे घराघरांतून कोणी ना कोणी चिंचवड, भोसरी नाहीतर चाकणच्या कारखान्यात आहे. मोटारींच्या कामातल्या माणसाला विचारा, फायरवॉल म्हणजे काय? तो सांगेल, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा. इंजिनाकडे आग लागली, तर ती माणसांपर्यंत लवकर पोहोचू नये म्हणून तो असतो. पण आत बसलेल्यानेच काडी ओढली, तर त्या पत्र्याने काय करावे? कॉम्प्युटरच्या फायरवॉलचेही असेच आहे.

इंटरनेटवरून येणारी माहिती लहान लहान पुड्यांनी येते. प्रत्येक पुडीवर कोठून आली, कोठे जायची आणि कोणत्या दाराने आत शिरायची, ते लिहिलेले असते. कॉम्प्युटरला अशी दारे एकदोन नाहीत, पासष्ट हजारांच्या वर असतात. ही न दिसणारी दारे फायरवॉल राखते. आतून कोणी बोलावले नसताना बाहेरून कडी वाजली, तर ती दार उघडत नाही. मात्र आपण स्वतः मागवलेली वस्तू ती मुकाट्याने आत सोडते. सोसायटीचा वॉचमन पार्सलवरचा फ्लॅट नंबर बघतो, पार्सल उघडून आत काय आहे ते बघत नाही, तसेच.

वॉचमन निरुपयोगी असे मात्र समजू नका हं. काही व्हायरस कोणी न बोलावता, दारे ठोठावत फिरतात. २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा असा एक किडा जगभर पसरला. नुसते इंटरनेट जोडले तरी कॉम्प्युटरला लागण होत असे. पुढच्याच वर्षी, २००४ च्या ऑगस्टमध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या नव्या सुधारणेत फायरवॉल आपोआप चालू राहील अशी सोय केली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला, तोही अशाच एका उघड्या दारातून. ते भोक बुजवणारी अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले.

आता व्हायरस घरात शिरायच्या इतर वाटा पाहा. ईमेलला जोडून आलेली ‘बिलाची फाइल’ आपणच उघडतो. फुकट मिळते म्हणून चोरीचे सॉफ्टवेअर आपणच उतरवून घेतो. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह तर इंटरनेटच्या वाटेने येतच नाही. तो थेट माजघरात! १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी केलेला ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीवरून असाच हातोहात जगभर गेला होता. या तिन्ही वाटांवर फायरवॉलचे फारसे चालत नाही. तिथे दुसरी राखणदारीण लागते, ती म्हणजे अँटिव्हायरस. फायरवॉल दारावर उभी राहते, तर अँटिव्हायरस आत आलेले सामान तांदूळ निवडावेत तसे निवडते आणि खडे बाजूला काढते.

आमच्या जवळच्याच एका सोसायटीतली गोष्ट सांगते. एक भगिनी बचत गटाचा हिशेब ठेवतात. बारा जणींचे तीन वर्षांचे पैसे, कर्जे, हप्ते, सारे घरच्या कॉम्प्युटरवर. त्यांच्या मुलाने एक महागडे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ केलेले, म्हणजे चोरीचे, फुकटात उतरवले. सोबतच्या सूचनेत लिहिले होते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ त्याने केला. संध्याकाळपर्यंत एकही फाइल उघडेना. सगळ्यांच्या नावापुढे विचित्र शेपट्या लागल्या आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली. फायरवॉल? ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू होती. हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण तो कायम कॉम्प्युटरलाच खोचलेला. तोही गेला.

त्या आठवड्यात गटाला बँकेला हिशेब दाखवायचा होता. बाई म्हणाल्या, “पैसे कुठे गेले नाहीत हो, पण ते मी खाल्ले नाहीत हे आता दाखवू कशी?” मैत्रिणींनो, बाईमाणसाची पत अशी धाग्यावर असते. शेवटी बारा जणींची पासबुके गोळा करून, दोन रात्री बसून, त्यांनी हिशेब पुन्हा उभा केला. खंडणी दिली नाही. कॉम्प्युटर पुसून नव्याने सुरू केला. मुलाचे लहानपणचे फोटो मात्र गेले ते गेलेच.

हे अडाणी माणसांनाच होते, असेही नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याच पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर असा खंडणीखोर व्हायरस शिरला. सत्तावीस सर्व्हर बाधित झाल्याची आणि सुमारे पाच कोटींच्या नुकसानीची तक्रार निगडी पोलिसांत झाली. ज्यांच्याकडे जाणते लोक नेमलेले असतात तिथे ही गत, मग आपण जपायला नको का?

जपायचे कसे? खर्चाने घाबरू नका. पुढच्या बहुतेक गोष्टी फुकट आहेत.

१. कॉम्प्युटरवर ‘विंडोज सिक्युरिटी’ हे पान उघडा. त्यात फायरवॉल आणि व्हायरसपासून संरक्षण, अशी दोन वेगवेगळी खाती दिसतील. दोन्हींवर हिरवी खूण हवी. विंडोजबरोबर येणारा अँटिव्हायरस साध्या घरगुती वापराला पुरतो. विकतचा हवा असेल तर जरूर घ्या. पुण्याचे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ पाहा. थोरला कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असे, धाकट्याने नव्वदच्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. पण एका म्यानात दोन तलवारी नकोत. एका वेळी एकच अँटिव्हायरस चालू ठेवा.

२. अपडेट आली की ‘नंतर बघू’ म्हणू नका. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तुमच्याकडे तीच असेल, तर पुढे काय करायचे ते जाणत्याला विचारून घ्या.

३. इंटरनेटच्या डबीलाही, म्हणजे राउटरला, स्वतःची फायरवॉल असते. पण तिचा मूळचा पासवर्ड बहुतेक घरांत तसाच असतो. तो बदलून घ्या.

४. जी वस्तू ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणते, ती घरात घेऊ नका. “पहारेकऱ्याला झोपवा, मग मी येतो,” असे कोण म्हणतो ते मुलांना समजावून सांगा. रागावून नव्हे, रागावलात तर पुढच्या वेळी ती लपवतील.

५. फाइलच्या नावाची शेपटी पाहायची सवय लावा. बिल म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘डॉट ईएक्सई’ असेल, तर ते बिल नव्हे, प्रोग्राम आहे. मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून ‘डॉट एपीके’ आली, तर हात लावू नका. लग्नाला न गेलेले परवडेल!

६. सर्वांत महत्त्वाचे, दुसरी प्रत. वर्षाचे लोणचे आपण एकाच बरणीत घालतो का? एखादी खराब झाली तर दुसरी असावी म्हणून दोन भरतो. तसा बाहेरून जोडायचा एक हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला प्रत काढा, आणि काम झाले की काढून कपाटात ठेवा. जोडलेला राहिला, तर दोन्ही बरण्यांना एकदमच बुरशी लागेल.

इतके करूनही पाहुणा शिरलाच, तर घाबरून भराभर बटणे दाबू नका. आधी इंटरनेट तोडा, जोडलेला पेन ड्राइव्ह किंवा डिस्क काढा, पडद्यावरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या. खंडणी देऊ नका. पैसे घेऊनही फाइल परत मिळेलच असे नसते. ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा एक उपक्रम युरोपातल्या पोलिसांनी आणि तज्ज्ञांनी मिळून २०१६ पासून चालवला आहे. काही जातींच्या व्हायरसची किल्ली तिथे फुकट मिळते. आपल्या सरकारचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही २०१७ पासून कॉम्प्युटर साफ करायची साधने मोफत देते. बँकेचे पैसे गेले असतील तर एक क्षण न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवायच्या लायकीचा आहे.

आणि हो, कॉम्प्युटर दुरुस्त करायला कोणी आला की चहा देऊन आत जाऊ नका. शेजारी खुर्ची घेऊन बसा. “हे काय केलंत? हे चालू का ठेवलंत?” असे विचारा. गॅसची नळी बदलायला आलेल्या माणसाला आपण विचारतोच ना? तो थोडा चिडेल, चिडू दे. तो जाईल तेव्हा पैसे तुम्ही देणार आहात, आणि रात्री फाइल उघडली नाही तर जागणारही तुम्हीच आहात.

या शनिवारी दुपारची झाकपाक झाली की अर्धा तास काढा. त्या दोन हिरव्या खुणा पाहा आणि एक प्रत कपाटात ठेवा. मग खुशाल पडा.