परदेशी पाहुणा आणि चिनी मत्स्यभोजन



गोव्यातील व कोकणपट्टीतील कित्येक घरांतील मुलगे बोटीवर चाकरीस असतात, आणि त्यांपैकी अनेकांचे पाय कधी ना कधी हाँगकाँग बंदराला लागतात. तेथील घरे फार लहान. म्हणून परदेशी पाहुण्याचे आदरातिथ्य बहुधा एखाद्या साध्या उपाहारगृहातच होते. अशा जेवणात यजमानाची कसोटी कशी लागते, हे पाहण्यासारखे आहे.

साई कुंग नावाच्या किनाऱ्यावरील गावी कोळी आपल्या होड्या धक्क्याला लावतात आणि गिऱ्हाईक वर उभे राहून खाली होडीतील मासा निवडते. जवळच्या उपाहारगृहांपुढे काचेच्या टाक्यांत जिवंत मासे, कोळंबी, खेकडे, शेवंडी व शिंपले ठेवलेले असतात. वजन 'कॅटी' या मापाने होते. एक कॅटी म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम. मोठ्या माशाचा भाव रोज बदलतो, म्हणून शहाणा यजमान तो आधीच विचारून घेतो. बिलाचा आकडा पाहून यजमानाचे तोंड उतरले, तर पाहुण्याच्या घशाखालचा घासही कडू होतो.

परंतु भावाच्याही आधी विचारायची एक गोष्ट आहे. कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्याने काहींच्या अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास कोंडून प्राणावर बेतते. पाहुणा भिडेपोटी गप्प राहतो. त्याला मोकळेपणाने बोलते करणे, हेच आदरातिथ्याचे पहिले पान होय.

मेज गोल असते, त्यामुळे कोणी वर कोणी खाली असा भेद फारसा जाणवत नाही. आरंभी गरम चहाने वाट्या व काड्या विसळतात. कोणी चहा ओतला की दोन बोटे मेजावर हलकेच आपटून आभार मानतात. चिएन-लुंग बादशहा (राज्यकाल १७३५ ते १७९६) वेषांतर करून हिंडत असता त्याने सेवकाला चहा ओतला. गुपित फुटू नये म्हणून त्या सेवकाने गुडघ्यांऐवजी बोटे टेकली, अशी आख्यायिका सांगतात.

मग उकडलेली कोळंबी येते. ती हातानेच सोलायची असते. काड्यांना बिचकलेल्या आपल्या मुलाला तेथे धीर येतो. लसूण व मिरची घालून तळलेला खेकडा हा वादळात आसऱ्याला थांबणाऱ्या होड्यांवरील लोकांचा पदार्थ. शेवटी मुख्य मासा, डोक्याशेपटीसह अखंड वाफवलेला, वर आले, कांद्याची पात, कडकडीत तेल व सोयाबीनचा रस. माशाचे तोंड मानाच्या पाहुण्याकडे करतात आणि गालाचा मऊ तुकडा त्याच्या वाटीत वाढतात. वरची बाजू संपली तरी मासा उलटत नाहीत. काटा उचलून खालचे मांस घेतात. मासा उलटला तर होडी उलटेल, अशी कोळ्यांची समजूत आहे. भातात काड्या उभ्या खोवू नयेत, कारण ते मृतांपुढील उदबत्त्यांसारखे दिसते.

या रीती पाहुण्याला ठाऊक नसतात. येथेच थोर यजमान आणि केवळ श्रीमंत यजमान यांतील अंतर दिसते. थोर यजमान रीत शिकवण्याऐवजी आधी स्वतः करून दाखवतो, आणि पाहुण्याच्या हातून काडी निसटली तर न बोलता चमचा मागवतो. काटेरी मासा ज्याच्या सवयीचा नाही त्याला काटे काढून वाढतो; नको म्हटलेला घास दुसऱ्यांदा पुढे करीत नाही.

पाहुण्याचेही एक कर्तव्य आहे. माशाचे डोके पाहून नाक मुरडणाऱ्याने आपल्या आईच्या हातचे मुड्डुश्यांचे कालवण आठवावे. परक्याला तेही प्रथम विचित्रच वाटले असते. जे चालत नाही ते नम्रपणे सांगावे, जे चालते ते गोड मानून घ्यावे.

ज्यांचे मुलगे परमुलखी आहेत अशा मातापित्यांना आमचे एवढेच सांगणे की, तेथे कोणीतरी परका त्यांच्या वाटीत माशाचा सर्वांत मऊ तुकडा वाढीत असेल. तेव्हा आपल्या दाराशी आलेल्या परमुलखातील मजुराला कोणता तुकडा वाढायचा, हे आपण आपल्या घरी ठरवावे.