हिशोबात बसणारा चॉकलेट केक



मुलाचा वाढदिवस नेमका महिन्याच्या पंचवीस-सव्वीस तारखेला यावा आणि मागच्याच आठवड्यात त्याच्या मित्राच्या घरी चॉकलेटचा केक कापलेला असावा, हा प्रसंग कामगारांच्या घरात नवा नाही. बाप खिसा चाचपतो. आई "पगार झाल्यावर आणू" म्हणून समजूत घालते. काही घरांत मग उसनवारी करून केक येतो. आनंद एका संध्याकाळचा आणि उधारी पुढच्या महिन्याची! मुलाचा हट्ट चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. वर्षातून एक दिवस आपल्यासाठी चार माणसे जमावीत, गोडधोड व्हावे, असे श्रीमंताच्या मुलाला वाटते तसेच आपल्याही मुलाला वाटते. प्रश्न एवढाच, की हा केक विकतच आणावा लागतो काय?

मुळीच नाही. त्यासाठी ओव्हन नको, अंडी नकोत, लोणीही नको. लागते ते नेमके माप आणि मंद आच.

असा केक म्हणजे काटकसरीची नक्कल आहे, असेही कोणी समजू नये. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील कामगारांच्या घरांना अंडी, दूध आणि लोणी परवडेनासे झाले. त्या टंचाईच्या दिवसांत तिकडच्या गृहिणी या तिन्ही वस्तूंवाचून केक करू लागल्या. त्याला तिकडे आजही 'डिप्रेशन केक', म्हणजे मंदीचा केक म्हणतात. मंदी गेली, पण केक चवीला चांगला म्हणून टिकला. तोच आपण करणार आहोत.

आधी सामानाची यादी करू. मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा एक लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, वास नसलेले गोडेतेल ८० मिलिलिटर, व्हिनेगर एक मोठा चमचा, पाणी २४० मिलिलिटर आणि असल्यास व्हॅनिला इसेन्स एक लहान चमचा. चमचे सगळे सपाट भरावेत. लहान चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा १५ चा धरावा. घरी काटा नसेल तर मैदा आणि साखर वाण्याकडूनच वेगवेगळी तोलून आणावी. व्हिनेगर नसेल तर तेवढाच लिंबाचा रस चालतो.

कोको घेताना पाकीट नीट वाचावे. 'ड्रिंकिंग चॉकलेट' म्हणून जे मिळते त्यात साखर बरीच आणि कोको कमी असतो. त्याने केकला रंगही येत नाही आणि चवही येत नाही. नुसती, बिनसाखरेची कोको पावडर मागावी. २०२४ मध्ये आफ्रिकेतील घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांत पीक कमी आल्यामुळे जगभर कोकोचे भाव भडकले होते, तेव्हा ही वस्तू महाग वाटणे साहजिक आहे. परंतु शंभर ग्रॅमच्या एका पाकिटात चार केक होतात. खर्च मांडताना पूर्ण पाकीट एका केकच्या नावावर टाकू नये, चौथा हिस्साच टाकावा. केक साधारण साडेसहाशे ग्रॅमचा होतो आणि त्याचे दहा-बारा तुकडे पडतात. वहीत एका रकान्यात हा खर्च गॅससकट लिहा, दुसऱ्या रकान्यात तुमच्या नाक्यावरच्या बेकरीतील तेवढ्याच वजनाच्या केकचा भाव लिहा. पुढचे मी सांगायला नको.

आता कृती. जाड बुडाचे मोठे पातेले किंवा जुना कुकर घ्यावा. कुकर असेल तर शिट्टी आणि रबरी रिंग काढून ठेवावी, आत पाणी घालू नये. कोरड्या आचेने भांडे खराब होऊ शकते, म्हणून नवा कुकर यासाठी वापरू नये. तळाशी इंचभर जाड मीठ पसरून त्यावर एक छोटी लोखंडी तिवई ठेवावी, झाकण लावावे आणि दहा मिनिटे मध्यम आचेवर तापू द्यावे. हे मीठ जेवणात वापरू नये. पुढच्या केकसाठी मात्र तेच चालते.

तोवर सात इंची ॲल्युमिनियमच्या डब्याला आतून तेल लावून मैदा भुरभुरावा. बुडाला कागद घालायचा तर कोरा पांढरा घालावा, वर्तमानपत्राचा नको, त्याची शाई अन्नाला लागते. मैदा, कोको, सोडा आणि मीठ एकत्र करून तीनदा चाळावे आणि त्यात साखर मिसळावी. दुसऱ्या भांड्यात कोमट पाणी, तेल आणि इसेन्स घ्यावे. व्हिनेगर अगदी शेवटी घालावे आणि लगेच हे पाणी मैद्यात ओतावे. गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे आणि मिश्रण ताबडतोब डब्यात घालून डबा तापलेल्या भांड्यात ठेवावा. डबा निम्म्याहून जास्त भरू नये आणि भोवती बोटभर जागा मोकळी असावी.

घाई कशासाठी, तेही समजून घ्यावे. सोड्याला आंबट पदार्थ भेटला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याच्याच बुडबुड्यांनी केक फुगतो. मिश्रण ओट्यावर पडून राहिले तर वायू उडून जातो आणि केक बसका होतो. मैदा जास्त घोटला तर त्यातला चिकटपणा वाढून केक चिवट होतो. "थोडा जास्त फुगू दे" म्हणून सोडा वाढवला तर साबणासारखी चव येते आणि मधला भाग खचतो.

आच मंद ठेवावी आणि पहिली पस्तीस मिनिटे झाकण उघडू नये. वारंवार डोकावल्याने उष्णता जाते आणि कच्चा केक खाली बसतो. आच मोठी केली तर बूड करपते आणि मध्य कच्चा राहतो. पस्तीस मिनिटांनी सुरीचे टोक मधोमध खुपसून पाहावे. ओले पीठ लागले तर आणखी दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. कोरडे निघाले की गॅस बंद करावा. डबा बाहेर काढून दहा मिनिटांनी केक ताटात उलटा करावा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापावा. गरम केकचा चुरा होतो.

वरून थर हवा असेल तर दोन मोठे चमचे कोको, चार चमचे साखर आणि चार चमचे दूध मंद आचेवर ढवळून दाट करावे आणि कोमट असताना केकवर ओतावे.

हे काम एकट्या आईच्या गळ्यात मात्र पडू नये. चाळणे, मापणे, घड्याळ पाहणे हे मुलगा आणि मुलगी दोघांनीही करावे. ग्रॅम आणि मिलिलिटर फळ्यापेक्षा इथे चांगले कळतात. शेगडीजवळचे काम तेवढे मोठ्यांनी करावे. ज्या भगिनींचा हात बसेल त्यांनी बचत गटातून ऑर्डर घेण्याचा विचार जरूर करावा. विक्री करायची तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी आधी करून घ्यावी, आणि आपल्या श्रमाचे पैसे हिशोबात धरल्याशिवाय भाव सांगू नये. बाईच्या तासाभराच्या कामाला मोल नसते, ही समजूत पहिली मोडली पाहिजे.

शेवटची सूचना: पहिला केक वाढदिवसाच्या दिवशीच करू नका. प्रत्येक घरची शेगडी वेगळी, भांडे वेगळे. आठ-पंधरा दिवस आधी एखाद्या रविवारी करून पाहा, किती मिनिटे लागली ते वहीत टिपून ठेवा. वाढदिवसाला मग पाहुणे वेळेवर येतील की नाही, एवढीच काळजी उरेल.