टोपी काढण्यापूर्वी

गेल्या खंडेनवमीला आमच्या गावच्या कॅमेरा क्लबात एका कॅमेऱ्याची पूजा झाली. सागवानी लाकडाचा, पितळी पट्ट्यांचा, कातडी भात्याचा जुना हाफ प्लेट कॅमेरा. गावातला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांच्या पत्नीने तो लाकडी तिपाईसकट क्लबाला दिला होता. हळदकुंकू वाहून झाले, झेंडूची माळ घातली गेली, सभासदांनी त्याच्या शेजारी उभे राहून मोबाइलवर आपापले फोटो काढून घेतले, आणि चहा पिता पिता कार्यकारिणीचे असे ठरू लागले की या कॅमेऱ्यासाठी काचेचे एक कपाट करून घ्यावे.

मी विरोध केला. एकटाच होतो. जन्म बँकेत गेल्यामुळे वस्तू कुलपात ठेवण्याला माझा तात्त्विक विरोध असण्याचे कारण नाही. पण ही वस्तू चालत होती. भात्याला दोन भोके पडली होती, ती काळ्या चिकटपट्टीने बुजली असती. शेवटी कपाटाचा ठराव पुढच्या सभेवर गेला आणि मधल्या काळात मला ‘प्रात्यक्षिक’ करून दाखवण्याची मुभा मिळाली. एवढ्या भांडवलावर मी हा लेख लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

लार्ज फॉरमॅट छायाचित्रणाची ओळख करून देण्याची आपल्या क्लबांतली ठरीव पद्धत म्हणजे व्याख्यान. पडद्यावर अॅन्सेल अॅडम्सचे डोंगर दाखवायचे, १९३२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘एफ/६४’ गटाचे नाव घ्यायचे, झोन सिस्टिमचे काळ्या-पांढऱ्या पायऱ्यांचे चित्र लावायचे आणि ‘ते दिवस गेले’ असा सुस्कारा टाकायचा. ऐकणारी तरुण मंडळी नम्रपणे टाळ्या वाजवतात आणि आपल्या कामाला लागतात. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. आकड्यांनीही कोणी भारावत नाही. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळ सुमारे तेवीस पट. ‘मग?’ असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

फिल्मची अडचण तर खरीच आहे. शीट फिल्म आज मिळते ती मुख्यतः चार बाय पाच आणि आठ बाय दहा इंचांत. ती परदेशातून येते आणि एकेका शीटची किंमत ऐकून नवशिक्याचा हात थरथरतो. म्हणून आम्ही फिल्मच्या वाटेला गेलोच नाही. एन्लार्जमेंटसाठी वापरतात तोच ब्रोमाइड कागद होल्डरमध्ये घातला. आठ बाय दहाच्या एका कागदातून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. हा कागद शंभर आयएसओच्या फिल्मपेक्षा सुमारे सोळा पट मंद. पण लाल उजेड त्याला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे लाल दिव्याखाली तो कापता येतो, होल्डरमध्ये भरता येतो, आणि डेव्हलपरच्या ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर काळे कसे उमटत जाते ते दहा जणांना एकदम पाहता येते. क्लबांनी सुरुवात इथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फिल्म नंतर, ज्याला चटक लागेल त्याने घ्यावी.

पहिल्या रविवारी आम्ही देवळापुढची दीपमाळ घेतली. ही दीपमाळ आमच्या प्रत्येक सभासदाने काढलेली आहे आणि प्रत्येकाच्या फोटोत ती मागे कलंडलेली आहे, कारण शेंडा चौकटीत घ्यायला कॅमेरा वर करावा लागतो. इथे कॅमेरा साहुलासारखा सरळ ठेवला आणि पुढची, भिंगाची फळी तेवढी वर सरकवली. काळ्या कपड्यात डोके घालून मागच्या दुधी काचेवर पाहिले, तर दीपमाळ सरळच्या सरळ, मात्र डोके खाली पाय वर. उजवीकडचे डावीकडेही गेलेले. एका मुलाने मान एवढी वाकडी केली की तिपाईसकट कॅमेरा त्याच्या अंगावर यायचा.

संगणकावर कलंडलेली दीपमाळ सरळ करता येते, हे त्यातल्या एका अभियंता मुलीने मला लगेच सांगितले. येते. कडा थोड्या कापल्या जातात एवढेच. ती पुढे म्हणाली, “काका, एवढं सगळं करून शेवटी टाकणार मोबाइलवरच ना?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

पण पुढची चाळीस मिनिटे जे घडले त्यासाठी मी हा खटाटोप पुन्हा करीन. चौघांनी आळीपाळीने कपड्याखाली जाऊन एकच चौकट पाहिली. एकाला विजेची तार खटकली, दुसऱ्याला ती हवी होती. शेजारच्या घरावरची पाण्याची काळी टाकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चित्र उलटे असल्यामुळे ती अगदी खाली, नजरेसमोर आली. वाद झाला. तिपाई दीड हात उजवीकडे सरकली. मोबाइलचा पडदाही चौघांना दिसतो हे कबूल, पण तो हातात असतो. हात हलतो, चौकट हलते आणि बोलणे सुरू होण्याआधी बोट दाबून झालेले असते. इथे चौकट खिळलेली होती आणि कागद एकच होता.

आमच्या मासिक स्पर्धेत परीक्षक गुण देतात आणि ‘डावीकडचा खांब नको होता’ असे सांगतात. खांब नको होता हे महिन्याभराने कळून काय करायचे? मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी संबंधित होते. त्या काळात ओल्या काचेवर रसायन पसरून ती वाळण्याच्या आत फोटो घेऊन धुवावा लागे. अशा उद्योगात एकमेकांना विचारल्याशिवाय चालणारच नव्हते. आपले क्लब मात्र हळूहळू निकाल लावण्याच्या जागा झाले आहेत. बहुतेक सभासदांनी एकमेकांना फोटो काढताना पाहिलेलेच नसते.

दुसरा रविवार व्यक्तिचित्राचा. कॅमेरा देणाऱ्या काकूंनाच बसायची विनंती केली. वय ऐंशीच्या पुढे. ओसरीवरचा सकाळचा उजेड, भिंग एफ/८, उघडीप चार सेकंद. या भिंगाला शटर नाही. टोपी काढायची, मोजायचे, टोपी लावायची. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्याच धर्तीवर मी नियम घालून दिला होता: एकाने काचेत पाहायचे, दुसऱ्याने टोपी आणि होल्डर सांभाळायचा, आणि प्रत्येक पायरी मोठ्याने उच्चारायची. उत्साहाच्या भरात मी दोन्ही कामे स्वतःकडे घेतली, फोकस करून होल्डर बसवला आणि टोपी लावायची विसरून होल्डरची झडप ओढली.

काकू चार सेकंद पापणी न हलवता बसल्या. टोपी काढायला हात पुढे केला तेव्हा मला कळले. कागद पार काळा झालेला असणार.

“मी बघितलं होतं,” काकू म्हणाल्या. “पण बसलेल्या माणसानं बोलायचं नसतं.”

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, “आत काय दिसतं ते बघू तरी.” स्टुडिओत मागच्या खोलीत बसून निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने रिटचिंग करण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली होती. गावातल्या दोन पिढ्यांच्या लग्नाच्या मुली त्यांनी उजळून दिल्या. पण कपड्याखाली जाण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. ते मालकांचे काम. अभियंता मुलगी खुर्चीत बसली, काकू कपड्याखाली गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेर येऊन एवढेच म्हणाल्या, “हिची मान थोडी खाली घे गं. उलटं असलं की मानेचा ताण लगेच दिसतो.” मुलीने मान खाली घेतली. तो दुसरा कागद आम्ही तिच्यावर खर्च केला. टोपी काकूंनी काढली आणि एक ते चार त्यांनीच मोजले. तिसरा कागद काकूंचा. या वेळी टोपी त्या मुलीकडे होती.

दोन्ही कागद एकदमच धुतले. काळा चेहरा, पांढरे डोळे, पांढरे केस काळेभोर झालेले. आम्ही सगळे त्याकडे वेड्यासारखे पाहत राहिलो. मुलीने मोबाइल काढून रंग उलटे करून दाखवले, तेव्हा कुठे आम्हाला माणूस दिसला. काकूंनी मोबाइलकडे पाहिलेही नाही. ओला कागद खिडकीशी धरून त्या म्हणाल्या, “तुझ्या उजव्या डोळ्याखाली जरा सावली जास्त पडलीय. वाळला की पाठीमागनं हलकी पेन्सिल फिरवायची, म्हणजे छापताना तेवढं उजळ येईल.”

“आणि तुमच्या फोटोत काय करायचं?” मुलीने विचारले.

काकूंनी आपला कागद पुन्हा उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. मग पेन्सिल मागितली. क्लबात पेन्सिल नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणावी लागली, आणि तिला टोक करायला पानपट्टीवाल्याची ब्लेड. कागद अजून पुरता वाळायचा आहे, असे आम्ही सांगत होतो. “वाळू दे,” म्हणत त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या, आणि त्यांच्या शेजारी ती मुलगी.

कपाटाचा ठराव येत्या रविवारच्या सभेत आहे.