घरच्या फोटो-कागदांची कणगी : बोर्ड कोणता घ्यावा?

ज्वारी पिकली की सगळीच्या सगळी परक्याच्या कोठारात नेऊन टाकायला आपण कोणी राजी होत नाही. थोडी बाजारात गेली तरी वर्षाची बेगमी घरच्या कणगीत असते. पण लग्नाचे फोटो, सातबारा, फेरफाराच्या नकला, माती परीक्षणाचे अहवाल, अतिवृष्टीत खरडून गेलेल्या बांधाचे फोटो हे सारे आज एकतर मोबाईलमध्ये असते, नाहीतर परक्या कोठारात. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली. आता १५ जीबीपर्यंत फुकट, पुढे भाडे. मोबाईल विहिरीत पडला आणि भाडेही भरलेले नसले, तर पंचनाम्याच्या वेळी दाखवणार काय?

म्हणून घरीच एक लहान संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा आणि घरातल्या सर्वांनी आपले फोटो, कागद त्यावर साठवावेत, असा बेत शिकलेली मुले मांडतात. बेत चांगला आहे. वडीलधाऱ्यांनी त्याला हसू नये. मात्र पैसे मोजण्याआधी काय घ्यायचे ते नीट विचारावे.

हा संगणक एकाच पाटीवर बसवलेला, तळहाताएवढा असतो. त्यातला सर्वांत माहितीचा म्हणजे इंग्लंडमधील केंब्रिजचा रास्पबेरी पाय. शाळकरी मुलांना संगणकाची भाषा शिकता यावी म्हणून तो २०१२ साली विक्रीस आला. त्याचा तीन नंबरचा बोर्ड कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. त्यात इंटरनेटची तार आणि डिस्क दोघांना एकाच अरुंद सारणीतून पाणी घ्यावे लागते. २०१९ च्या चार नंबरात या दोन सारण्या वेगळ्या झाल्या. २०२३ चा पाच नंबर त्याहून जोरकस आहे. पण त्याला ५ अँपिअरचा खास चार्जर आणि पंखा लागतो. पाच-सहा माणसांच्या घराला चार नंबर, ४ जीबी स्मृतीचा, भरपूर झाला.

देशी बोर्ड नाही का, असे कोणी विचारील. ज्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला (त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले), त्याच सी-डॅकच्या वेगा प्रोसेसरवर ‘एरीज’ नावाचे बोर्ड निघाले आहेत. अभिमान जरूर बाळगावा. पण ते पंप चालू-बंद करणे, जमिनीतला ओलावा मोजणे अशा कामाचे. त्यांची स्मृती किलोबाइटांत मोजायची. साठवणीचे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

आता खरी गोष्ट विजेची. बोर्ड आणि एक एसएसडी डिस्क मिळून १० वॅट धरले तरी महिन्याला सातेक युनिट होतात. जुना टेबलावरचा संगणक ६० वॅट घेत असेल तर त्रेचाळीस. पण बिलापेक्षा आपल्याकडे घात होतो तो वीज अचानक गेल्याने. लिहिता लिहिता वीज गेली की नखाएवढे मेमरी कार्ड बिघडते. तेव्हा कार्डावर घरचा ठेवा कधीही ठेवू नका. शक्य तर बोर्डही एसएसडीवरूनच सुरू होईल असे करून घ्या. चार नंबरच्या चारही यूएसबी तोंडांतून मिळून १.२ अँपिअरच वीज बाहेर पडते. एवढ्यावर फिरत्या तबकडीच्या दोन डिस्क लावल्या तर दोन्ही अडखळतात. तशा लावायच्याच असतील तर स्वतःचा चार्जर असलेल्या घ्या. आणि राउटर व बोर्ड दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल आणि त्याची बॅटरी धड असेल, तर बोर्ड विकत घेऊच नका असे मी म्हणेन. वीज थोडी जास्त जाईल, पण भारनियमनाची सोय त्याच्या पोटातच आहे. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो चोवीस तास लावून ठेवू नये.

घाटावर बुलढाणा-चिखलीकडे उन्हाळा निभून जातो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे टिनाच्या छपराखाली बोर्ड ठेवाल तर तो ८० अंशांना पोहोचताच आपली चाल आपोआप मंद करतो. देवळीत, मातीच्या भिंतीशी, हवा खेळेल असा ठेवा. चुलीचा धूर आणि कापसाची धूळ लागू देऊ नका.

त्यावर चालवायला नेक्स्टक्लाउड नावाची प्रणाली फुकट मिळते. पुण्यात शिकणाऱ्या पोराला घरचे फोटो दिसावेत असे वाटत असेल, तर एक अडचण येते. पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून घराचे दार सापडत नाही. टेलस्केलसारखी खासगी वाट बांधून घ्यावी. राउटरचे दार सगळ्या जगाला उघडे टाकू नये.

भाव सध्या स्थिर नाहीत. स्मृतीच्या चिपा महागल्या तसे बोर्डही महागले, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. सगळे पैसे बोर्डावर घालवू नका, दुसऱ्या डिस्कपुरते राखून ठेवा. महिन्यातून एकदा तिच्यावर सगळ्याची नक्कल उतरवायची आणि ती त्या घरात ठेवायची नाही. वीज पडली तर एका तारेवरच्या दोन्ही डिस्क एकदमच जातात. लेक दुसऱ्या गावी दिलेली असेल तर तिच्या कपाटात ठेवा. येता-जाता बदलता येते.