निर्लेखनापूर्वीचा एक प्रश्न

महाविद्यालये व कचेऱ्या यांच्या जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा मारून संगणक निकालात काढण्याची जी रीत पडली आहे, तिचा विचार केवळ हिशेबतपासनिसांवर सोपवून भागणार नाही. जुन्या यंत्रांचे भाग एकत्र करून संगणक पुन्हा उभा करावा, पडद्यावर अक्षरे उमटावीत, पण हार्ड डिस्क सापडत नाही असा संदेश यावा, हा अनुभव अनेकांचा आहे. त्यावर ‘डिस्क गेली, नवी घ्या’ हा सल्ला तयारच असतो.

वस्तुतः या एका तक्रारीत दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. डिस्क बायोसलाच दिसत नाही, की बायोसला दिसते पण विंडोजला दिसत नाही? हे न विचारता खर्च करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

बायोसला दिसत नसेल, तर प्रथम संशय जोडणीवर घ्यावा. साटा डिस्कला माहितीची ७ पिनांची आणि विजेची १५ पिनांची अशा दोन केबल लागतात. त्यांतील एक अर्धवट बसणे अगदी सोपे असते. अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये नवी डिस्क बसविली की एखाददुसरा साटा पोर्ट आपोआप बंद पडतो, कारण दोहोंचा मार्ग एकच असतो. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत छापलेली असते. (ती पुस्तिका खोक्याबरोबरच रद्दीत जाते, हा भाग वेगळा!) मात्र एका पॉवर सप्लायची सुटी केबल दुसऱ्याला कधीही लावू नये. टोके सारखी दिसली तरी आतील तारांची मांडणी भिन्न असू शकते, आणि मग धडधाकट डिस्क खरोखरच जळते.

बायोसला दिसणारी डिस्क विंडोजला दिसत नसेल, तर ती बहुधा मेलेली नसते. ती कोरी असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन विभाग पाडावे लागतात. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच यंत्रांत व्हीएमडी चालू असल्यास, विंडोज बसविताना योग्य ड्रायव्हर दिल्याखेरीज डिस्क दिसतच नाही. जुन्या बोर्डावरील ३ व्होल्टचा सेल संपला असेल, तर बायोसमधील निवडी मूळपदावर जातात व चालते यंत्र अडते. डिस्कवर जुनी माहिती असताना ‘फॉरमॅट करावे काय?’ या प्रश्नाला मात्र होकार देऊ नये.

मग एवढा साधा तपास होत का नाही? कारण घसाऱ्यात आहे. आयकराच्या हिशेबात २०१७-१८ पासून संगणकाचा घसारा ४० टक्के धरला जातो. म्हणजे १०० रुपयांचे यंत्र पाच वर्षांत ८ रुपयांच्याही खाली येते. अशा यंत्रावर तासभर खर्चणे कागदावर तोट्याचेच ठरते. परंतु डिस्कवरील गुणतक्ते आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प यांना घसारा कोणत्या दराने लावावयाचा? शिवाय प्रयोगशाळेतून गेलेल्या यंत्राची जागा कित्येक सत्रे रिकामीच राहते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यामुळे निर्लेखनाच्या प्रस्तावांना आता आणखी एक सबब मिळाली आहे. या प्रस्तावांच्या नमुन्यात ‘बायोसला डिस्क दिसते काय?’ असा एक रकाना घालावा, आणि तो भरण्याचे काम संगणकाच्या विद्यार्थ्यांकडे प्रात्यक्षिक म्हणून द्यावे.