हमीदाबानूंची कमाई

४ मे २०२४ रोजी गूगल या अमेरिकी कंपनीने आपल्या दर्शनी पानावर हमीदाबानू पहिलवानांचे चित्र झळकविले. बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, मे १९५४ मध्ये, या बाईंनी बडोद्याच्या मैदानात बाबा पहिलवानास १ मिनिट ३४ सेकंदांत लोळविले होते. त्यांचे उतारवय कल्याणमध्ये गेले, याची आठवण त्या दिवशी कल्याणकरांपैकी कितीजणांना झाली असेल, याविषयी आम्हांस शंका आहे.

बाई मूळच्या उत्तर प्रदेशातल्या, अलीगढच्या सलाम पहिलवानांच्या तालमीत तयार झालेल्या. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. त्यांची सहा अंडी, कोंबडी, लोणी आणि बिर्याणीच्या दोन थाळ्या वृत्तपत्रांनी मोठ्या चवीने मोजल्या व आजही मोजल्या जातात. तिकीटविक्रीत त्यांचा वाटा किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, अशी त्यांची १९५४ ची घोषणा होती. अर्थशास्त्राच्या भाषेत ती निव्वळ जाहिरात होय. पण त्या जाहिरातीत पणाला लागलेली वस्तू ठेकेदाराच्या मालकीची नव्हती, एवढा फरक लक्षात घ्यावा.

मर्दानगी धोक्यात आली की नियम आठवतात. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्ती-संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. कोल्हापुरात, शाहू महाराजांनी मल्लविद्येस राजाश्रय दिला त्याच नगरीत, पुरुष मल्लास हरविल्याबद्दल बाईंवर दगड पडले आणि पोलीस बोलवावे लागले. पुढे मुंबई राज्याने अशा कुस्त्यांवर बंदी घातली. बाईंनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदी स्त्री-पुरुषभेदाने घातलेली नाही, आयोजक बनावट प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आहेत, असे उत्तर मिळाले.

ही तक्रार खरी असेलही. नुरा कुस्ती काही बाईंच्या आगमनाने जन्मास आली नाही. पण गिरणीमालकाने कापडाच्या मापात लबाडी केली तर खटला मालकावर भरावयाचा, की विणकराचा माग बंद पाडावयाचा? ठेकेदाराकडून अनामत घेता आली असती, करार नोंदविता आला असता, सरकारी पंच नेमता आला असता. यांपैकी काही न करता आखाडाच बंद केला गेला. ठेकेदारास दुसरा तमाशा, दुसरी सर्कस उपलब्ध होती. बाईंजवळ अंगमेहनतीखेरीज भांडवल नव्हते. याचा दोष एकट्या मोरारजींच्या माथी मारून आम्ही सुटू इच्छीत नाही. गिरणी, विडी आणि हातमाग यांच्यापलीकडे श्रमिक ओळखण्याची सवय आमच्या चळवळीलाही नव्हती.

त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिन यांना एका मिनिटाच्या आत हरवून बाईंनी युरोपला जाण्याचा मनोदय जाहीर केला. त्यांना जाऊ न देण्यासाठी सलाम पहिलवानांनी केलेल्या मारहाणीत त्यांचे हातपाय मोडले, असे कुटुंबीय व शेजारी सांगतात. ज्या शरीरावर कमाई चालते त्याची मालकी कोणाची, हा प्रश्न तिथे काठीने निकालात निघाला. पुढे कल्याणात बाईंनी दूध विकले, खोल्या भाड्याने दिल्या. पैसा आटला तेव्हा रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकले. १९८६ मध्ये त्या वारल्या.

मार्च २०२३ मध्ये सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली, याचा आनंद आहेच. परंतु सरकारी मानधन किताबास मिळते. जत्रेच्या फडात रोख इनामावर खेळणाऱ्या, किताबाविना निवृत्त होणाऱ्या मुलीचे हाड मोडले तर तिचे काय? फडाचा ठेका नोंदवावा आणि त्यातूनच खेळाडूच्या विम्याचा हप्ता कापावा, ही मागणी येत्या जत्रांच्या हंगामापूर्वी तहसील कचेऱ्यांत निवेदनाद्वारे दाखल व्हावयास हवी. पश्चिम महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी गावोगावच्या यात्रा समित्यांची नावे जमविण्यास आतापासूनच लागावे.